काखेत कळसा : देवबलोदा ते रतनपूर



आपल्यापैकी बहुतेकांचा उन्हाळ्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की पास काढायचा आणि गाव गाठायचे. कोणी नागपूर-वर्ध्याकडे, कोणी अमरावती-अकोल्याकडे, तर कोणी पार नाशिक-पुण्याकडे. तिथे गेल्यावर अष्टविनायक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, कोल्हापूर अशा यात्रा घडतात. देवदर्शन होते, जुनी देवळे पाहून मन भरून येते. परंतु आपल्या कॉलनीला लागून असलेल्या स्टेशनच्या पाटीवर 'चरोदा' या नावाच्या आधी कोणते नाव आहे आणि ते का आहे, असे मुलांना विचारून पाहा. पाटीवर 'देवबलोदा चरोदा' असे लिहिलेले आहे. त्या देवबलोद्यात सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे दगडी शिवमंदिर उभे आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केलेले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच!

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो आणि आजवरचे आयुष्य रूळ, गिट्टी, पूल आणि मोऱ्या यांच्या संगतीत गेले. पण सिव्हिल इंजिनियरिंगला मराठीत 'स्थापत्य' म्हणतात आणि देवळे बांधणाऱ्याला 'स्थपती' म्हणत असत. तेव्हा धंद्याच्या नात्याने तरी ही मंडळी आपली पूर्वज लागतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कधी मेमूने तर कधी मोटारसायकलने, गेल्या काही वर्षांत आसपासची देवळे पाहून झाली. पाहताना दोन प्रश्न मनात असत. हे उभे कसे राहिले? आणि हे उभे कोणी केले, राखले कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दगडात सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते आपल्यासारख्या बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्यांना विचार करायला लावणारे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

देवबलोदा : शिखराविना देऊळ

देवबलोद्याचे मंदिर कलचुरी राजवटीतील, तेराव्या-चौदाव्या शतकातले मानले जाते. देऊळ पूर्वाभिमुख आहे. पुढे खांबांचा मंडप आणि मंडपातून काही पायऱ्या खाली उतरल्यावर गर्भगृह. खांबांवर देवदेवता, बाहेरच्या भिंतींवर हत्ती-घोड्यांच्या रांगा, शिकारीची दृश्ये, नर्तक आणि वादक. शेजारी पायऱ्यांचे कुंड आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. एवढे सगळे असून देवळाकडे पाहताक्षणी काहीतरी उणे वाटते, कारण वर शिखर नाही.

गावातले लोक याचे कारण सांगतात. ही कथा आपल्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी ऐकली असेल. देऊळ घडवणारा कारागीर रात्री विवस्त्र होऊन काम करीत असे आणि त्याची बायको त्याला जेवण-पाणी आणून देत असे. एके रात्री बायकोऐवजी बहीण डोक्यावर कळशी घेऊन येताना दिसली. लाजेने त्याने कुंडात उडी घेतली. भाऊ बुडाला हे पाहून बहिणीने जवळच्या तळ्यात उडी घेतली. देऊळ अपुरे राहिले. त्या तळ्याला आजही 'करसा तालाब' म्हणतात. छत्तीसगढीत करसा म्हणजे कलश, आपला कळसा. पुढे असेही सांगतात, की कुंडातून एक भुयार आरंगला निघते, कारागीर त्या वाटेने तिकडे पोहोचला आणि तिथल्या देवळात दगड होऊन राहिला. आरंगचे नाव लक्षात ठेवा. आपल्यालाही तिकडेच जायचे आहे.

आपल्या माणसांना हे देऊळ दाखवले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "अरे, हे तर हेमाडपंती!" जुने, काळ्या दगडाचे, चुन्याविना बांधलेले ते सगळे हेमाडपंती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याची पद्धत त्याच्याहून कितीतरी जुनी आहे. मुंबईजवळचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात बांधले गेले. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला.

अंबरनाथचे नाव मुद्दाम घेतले. कल्याणच्या पुढे लोकलने गेलेल्यांना ते ठाऊक असेल. तिथेही मंडपातून बऱ्याच पायऱ्या खाली उतरून गर्भगृहात जावे लागते आणि तिथेही गर्भगृहावरचे शिखर वरच्या भागात अपुरे आहे. दोन देवळांमध्ये जवळजवळ हजार किलोमीटरचे आणि दोन-तीनशे वर्षांचे अंतर. तरीही अंबरनाथ पाहिलेला माणूस देवबलोद्याला आला तर त्याला परके वाटत नाही.

शिखर उभे कसे राहते?

शिखर आधी का जाते, हे कळण्यासाठी ते उभे कसे राहते ते पाहिले पाहिजे. आपल्या जुन्या रेल्वे पुलांत कमान असते. कमानीचे दगड एकमेकांना बाजूने रेटतात आणि भार दोन्ही कुशींच्या भिंतींवर जातो. आपल्या प्राचीन देवळांत अशी कमान सहसा नाही. तिथे दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा दोन-चार बोटे आत सरकवून ठेवलेला असतो. चारही बाजूंनी थर आत येत येत वर जातात आणि शेवटी माथ्यावर उरलेले लहानसे तोंड मोठ्या शिळांनी बंद होते. त्यावर आमलक, म्हणजे आवळ्याच्या आकाराचा कंगोरेदार दगड, आणि त्याच्यावर कळस.

आत सरकवलेला दगड खाली पडत नाही, कारण त्याच्या मागच्या बाजूवर वरच्या थरांचे वजन असते. सी-सॉवर मागे जाड मुलगा बसला की पुढचे टोक खाली जात नाही, तसेच. म्हणजे शिखराचे वजन हेच शिखराला धरून ठेवते. दगड दाबाला फार बळकट, पण ताणाला कच्चा. म्हणून मंडपात खांब इतके जवळ जवळ असतात. वरची दगडी तुळई लांब झाली तर मधोमध खालून तडकते. स्थपतींना हे आकडेमोडीने नव्हे, तर अनुभवाने पक्के ठाऊक होते.

आता शत्रू कोण? आमच्या रुळांचा जो शत्रू तोच देवळाचाही, म्हणजे पाणी. गिट्टीखाली पाणी साचले की रूळ बसतो. देवळाच्या सांध्यात पाणी मुरले की आधी माती साचते आणि मग पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. मूळ आत शिरले की ते पाचरीसारखे दगड हलवते. हे काम माथ्यावर आधी सुरू होते, कारण ऊन-पाऊस आणि पक्षी तिथेच. वरचा एक दगड निसटला की त्याच्या वजनाने धरलेले खालचे दगड मोकळे होतात. एका रोपट्याला उपटायला एक माणूस आणि एक शिडी पुरते. ते दहा वर्षे राहिले तर पुढे क्रेन लागते. भिंती उभ्या आणि शिखर गायब, असे चित्र देशभर दिसते त्याला अपुरे बांधकाम आणि परचक्र यांच्याबरोबर हेही एक कारण आहे.

आरंग : लोखंडी पट्ट्यांनी वाचलेले देऊळ

देवबलोद्याचा तो कारागीर भुयाराने जिथे पोहोचला असे सांगतात, ते आरंग रायपूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर, महासमुंदच्या रस्त्यावर आहे. तिथले 'भांड देऊळ' अकराव्या शतकातले जैन मंदिर आहे. आत काळ्या गुळगुळीत दगडाच्या तीन तीर्थंकरमूर्ती आहेत. देवळांच्या बांधकामात याच्या शिखराला 'भूमिज' म्हणतात. चारही बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, जणू एका मोठ्या शिखरावर लहान शिखरांच्या माळा सोडल्या आहेत. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक 'भूमी', म्हणजे मजला.

हेच भूमिज शिखर अंबरनाथला आहे, सिन्नरच्या गोंदेश्वराला आहे आणि माळव्यात परमारांच्या उदयेश्वराला आहे. अंबरनाथला आत महादेव, आरंगला आत तीर्थंकर, पण शिखराची रीत एक. याचा अर्थ असा, की स्थपतींची घराणी आणि त्यांची विद्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका देवाकडून दुसऱ्या देवाकडे प्रवास करीत होती. शिलाहार, परमार, कलचुरी, यादव आपसांत लढत असतील, पण त्यांच्या कारागिरांची भाषा एकच होती. भुयाराची गोष्ट खरी नसली, तरी देवबलोदा आणि आरंग यांना जोडणारी वाट होती हे खरे. ती कारागिरांच्या पायांखालची वाट होती.

एकोणिसाव्या शतकात भांड देवळाच्या बाहेरचा पुष्कळसा भाग ढासळला होता. तेव्हा देशाची मोजणी करणाऱ्या ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हेच्या लोकांनी देवळाला लोखंडी पट्टे बांधले आणि उरलेले देऊळ वाचवले. पिंपाला कडी घालतात तीच युक्ती. भिंती बाहेर फुगू लागल्या की त्यांना आवळून धरायचे. ही माणसे जमीन मोजायला आली होती. देऊळ त्यांच्या धर्माचे नव्हते आणि त्यांच्या कामाच्या यादीतही नसावे. पण पडणारी इमारत दिसली, हाताशी लोखंड होते आणि त्यांनी ते वापरले. आम्हा रेल्वेवाल्यांना हे पाहून विशेष बरे वाटते.

सिरपूर : विटांचे आणि एका राणीचे

आरंगच्या पुढे महानदी ओलांडून महासमुंद जिल्ह्यात शिरले की सिरपूर, जुने श्रीपूर. इथले लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले आहे आणि ते दगडाचे नसून विटांचे आहे. दगडी जोत्यावर उभे, विटांचे सांधे इतके बारीक की नख शिरणार नाही आणि भाजलेल्या विटांवरच कोरीव काम केलेले. दाराची चौकट मात्र दगडाची. तिच्यावर शेषशायी विष्णू आणि अवतार कोरलेले आहेत. दाराच्या वर त्रिकोणी उंच खिडकीसारखी पोकळी दिसते. तिच्या कडा पाहा. एकेक वीट थोडी थोडी पुढे आलेली आहे. वर सांगितलेली सरकत्या थरांची युक्ती इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. मंडप कोसळला, पण गाभारा आणि शिखर तेराशे वर्षे पावसाला तोंड देऊन उभे आहे.

नाव लक्ष्मणाचे पडले असले तरी देऊळ विष्णूचे. ते बांधले राणी वासटा हिने. तिचा पती हर्षगुप्त निवर्तला आणि त्याच्या स्मरणार्थ, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन गादीवर असताना, तिने हे देऊळ उभारले. ताजमहाल पतीने पत्नीसाठी बांधला हे मुलांना शाळेत शिकवतात. त्याच्या हजार वर्षे आधी एका पत्नीने पतीसाठी बांधलेले देऊळ आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, हेही त्यांना ठाऊक असावे. शिलालेख सांगतो, की वासटा ही मगधाच्या सूर्यवर्मा राजाची कन्या. म्हणजे ती लग्न होऊन पार बिहारकडून इथे आली. दुसरे कौतुक असे, की आई वैष्णव, मुलगा शिवभक्त आणि त्याच्याच राज्यात सिरपूरला बौद्ध विहारांनाही आश्रय होता.

हे विहार जमिनीखाली गाडले गेले होते. १९५३ ते १९५६ या काळात सागर विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन करून ते उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ होते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित, आपले मराठी गृहस्थ. पुढे २००० नंतर अरुणकुमार शर्मा यांनी मोठी उत्खनने केली. त्यांत निघालेले 'सुरंग टीला' मंदिर इंजिनियरांनी तर बघायलाच हवे. उंच जोत्यावर चढणारा दगडी जिना मधोमध चक्क खचून लाटेसारखा वाकलेला आहे. भूकंपाने असे झाले, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. जिना वाकला, पण सुटा झाला नाही. दगड आपापल्या शेजाऱ्याला धरून राहिले.

राजिम : नदीच्या पात्रातला पिअर

राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे. छत्तीसगढचे प्रयाग म्हणतात. १९०० साली सुरू झालेली नॅरोगेज गाडी इथे येत असे. ती गेली आणि २०२५ साली राजिमपर्यंत ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली. आता रायपूरहून मेमूने जाऊन येता येते. सहकुटुंब जाण्यासारखे याहून सोयीचे ठिकाण नाही.

संगमाच्या ऐन पात्रात कुलेश्वर महादेवाचे देऊळ आहे. पावसाळ्यात पाणी चहूकडून वेढते. हे देऊळ ज्या उंच दगडी जोत्यावर उभे आहे ते जोते चौकोनी नसून अष्टकोनी आहे. पुलावर काम केलेल्या माणसाला याचे मर्म सांगावे लागत नाही. पात्रातल्या पिअरला प्रवाहाच्या बाजूने आपण टोकदार नाक काढतो. सपाट भिंतीवर पाणी आदळले की दाब वाढतो, भोवरे होतात आणि पायाखालची वाळू उकरली जाते. कोपरे छाटले की पाणी दोन्ही अंगांनी सरकून जाते. तीन नद्यांचा संगम असल्यामुळे पाणी कोणत्या बाजूने जोर करील याचा नेम नाही, म्हणून आठही बाजू सारख्या. कुठल्याही हायड्रॉलिक्सच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

काठावरचे राजीवलोचन मंदिर विष्णूचे. चार कोपऱ्यांत वराह, नृसिंह, वामन आणि बद्रिनारायण यांची छोटी देवळे आहेत. मंडपाच्या भिंतीत दोन शिलालेख आहेत. पहिला नलवंशी विलासतुंग राजाचा, आठव्या शतकाच्या आसपासचा. दुसरा कलचुरींचा सरदार जगपाल याचा. त्यावर 'कलचुरी संवत् ८९६, माघ शुद्ध अष्टमी, बुधवार' अशा अर्थाची मिती आहे. आता हा संवत् सुरू कधी झाला हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग काय? जर्मन पंडित कीलहॉर्न आणि त्यांच्यानंतर आपले नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अशा अनेक लेखांतील तिथी आणि वार यांचा मेळ घालून हा संवत् इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू होतो हे गणित पक्के केले. त्यानुसार जगपालाची मिती येते ३ जानेवारी ११४५. त्या दिवशी खरोखर बुधवारच होता! मिराशींनी कलचुरींच्या लेखांचा मोठा ग्रंथ दोन भागांत १९५५ साली प्रसिद्ध केला. छत्तीसगढच्या मध्ययुगाचा इतिहास आज ज्या कालक्रमाने शिकवला जातो, त्यात नागपूरच्या या संस्कृत प्राध्यापकाचे श्रम आहेत. कवर्ध्याजवळच्या भोरमदेव मंदिरातील एका मूर्तीवर याच संवताचे ८४० वर्ष आहे. ते म्हणजे इ. स. १०८८-८९, फणिनागवंशी गोपालदेवाचा काळ.

जगपालाच्या लेखात त्याने स्वतःच्या घराण्याची हकीकतही दिली आहे. त्याचा पूर्वज उत्तरेकडच्या वडहर देशातून इथे आला होता. आणि ज्यांचा तो सरदार, ते कलचुरी तरी कुठले? जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या राजघराण्याची ही शाखा. त्यांचा कलिंगराज साधारण इ. स. १००० च्या सुमारास तुम्माणला येऊन राहिला आणि पुढे रत्नदेवाने रतनपूर वसवले.

रतनपूर : आपल्या माणसांचा हिशेब

रतनपूर बिलासपूरहून पंचवीस किलोमीटर. महामायेच्या दर्शनाला आपण जातो, पण रामटेकरीवर फार थोडे जण चढतात. कलचुरींचे राज्य जवळजवळ सातशे वर्षे टिकले आणि १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर जाताना रतनपूरवर चालून आले तेव्हा ते संपले. शहरावर एक लाखाचा दंड बसवला गेला आणि खजिना ताब्यात घेतला गेला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगताना तो इथल्या रयतेच्या बाजूने कसा दिसला असेल याचाही विचार करावा.

त्यानंतर १७५८ साली पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ साली मृत्यू येईपर्यंत इथेच राहून त्यांनी कारभार केला. नागपुरात बसून वसुली करणारा आणि इथे घर करून राहणारा यांत फरक असतो. बिंबाजींनी टेकडीवर रामपंचायतन स्थापून देऊळ बांधले, तीच रामटेकरी. नागपूरच्या माणसाला परक्या मुलुखात रामटेकची आठवण येणारच! त्यांच्या काळात इथे मराठी भाषा आणि मोडी लिपी कारभारात आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चालही छत्तीसगढात त्यांनीच रुजवली असे इतिहासाची पुस्तके सांगतात. आपले छत्तीसगढी शेजारी दसऱ्याला आपल्या हातावर 'सोनपत्ती' ठेवतात, तेव्हा त्यात आपलाच एक जुना धागा असतो. बिंबाजींनंतर मात्र नागपूरहून सुभेदार पाठवले जाऊ लागले, वसुलीवर भर आला आणि त्या काळातले सांगण्याजोगे देऊळ माझ्या पाहण्यात नाही.

मग इथले कोण?

आता सगळे एका ओळीत मांडून पाहा. सिरपूरचे देऊळ बांधणारी वासटा मगधाची. कलचुरी त्रिपुरीचे. जगपालाचे घराणे उत्तरेचे. रामटेकरी बांधणारे बिंबाजी नागपूरचे. आरंगला पट्टे बांधणारे मोजणीवाले कुठल्या कुठल्या मुलुखांचे. विहार खणून काढणारे दीक्षित आणि लेख वाचणारे मिराशी मराठी. यांतला एकही जण पिढ्यान्पिढ्या त्या गावचा नव्हता. हे सगळे कामानिमित्त, लग्नानिमित्त, स्वारीनिमित्त किंवा अभ्यासानिमित्त आले. त्यांच्या जोडीला इथली शेतकरी-कष्टकरी माणसे होती. त्यांनी दगड वाहिले, विटा भाजल्या, आणि राजे गेल्यावरही शेकडो वर्षे शिवरात्रीची जत्रा चुकवली नाही. देवबलोद्याच्या पिंडीवर आजवर पाणी पडत राहिले ते त्यांच्यामुळे. आलेला आणि असलेला या दोघांनी मिळून ही देवळे उभी ठेवली.

आपणही असेच आलेलो. आधी नागपूरहून राजनांदगावपर्यंत रेल्वे आली, १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली, मार्ग पुढे बिलासपूरकडे गेला आणि त्याबरोबर आपली माणसे या भागात येऊ लागली. पुढे भिलाईचा कारखाना झाला, मार्शलिंग यार्ड झाले आणि चरोद्याची कॉलनी वसली. कित्येकांची तिसरी पिढी इथे आहे. मुले घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात. ती कधीतरी विचारतात, "बाबा, आपण नक्की कुठले?" आपण आजोबांच्या गावाचे नाव सांगतो. ते बरोबरच आहे. पण ते उत्तर अर्धेच आहे. ज्या गावात जन्म झाला त्या गावाची सातशे वर्षांची वास्तू ज्याने पाहिलेली नाही, तो तिथे राहतो एवढेच म्हणता येईल.

म्हणून एक सूचना मंडळापुढे ठेवतो. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी कॉलनीतील सर्व मुलांना, मराठी-अमराठी असा भेद न करता, देवबलोद्याला न्यावे. जायला गाडीभाडेसुद्धा लागत नाही. मुलांना जोते, जंघा, मंडप, गर्भगृह ही नावे हात लावून नव्हे तर बोट दाखवून शिकवावीत. मूर्तींना तेल-शेंदूर फासू नये, भिंतीवर नाव कोरू नये, कुंडात निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकू नये, हे तिथेच सांगावे. संरक्षित स्मारकात स्वतः दुरुस्ती करायला जाऊ नये, तसे करणे कायद्यानेही चालत नाही. मात्र सांध्यात पिंपळाचे रोप दिसले, दगड हललेला दिसला किंवा पाणी तुंबलेले दिसले, तर पुरातत्त्व विभागाच्या रायपूर कार्यालयाला चार ओळींचे पत्र कोणीही लिहू शकतो. आमच्याकडे कीमन रोज आपल्या हद्दीतील रुळावरून चालत जातो आणि सैल चावी ठोकून बसवतो. त्याच्यामुळे किती अपघात टळले याची नोंद कुठेच होत नाही. देवळालाही असा पाहणारा हवा असतो. वर्षातून दोनदा गेले, सावकाश प्रदक्षिणा घातली आणि दर वेळी मान वर करून पाहिले तरी पुरे.

कळसा काखेत आहे. स्टेशनच्या पाटीवर त्याचे नाव रोज वाचायला मिळते. यंदा मुलांचा हात धरून तिथवर चालत जाऊ या.

गणपती बाप्पा मोरया!